पेंडीचा तुकडा मोडायचा कुणी?

एका गावात एक तळं होतं आणि तळ्याच्या काठावर शेंगदाण्याच्या तेलाचा घाणा. तळ्यात मासे पाळून एक बाई आपलं घर चालवायची. तिला सगळे तळेवाली काकी म्हणत.

तेल काढून झालं की पेंड उरायची. घाणेवाला ती गाईला घालायचा, उरलेली काकीला विकायचा. काकी ती गिरणीतल्या कोंड्याबरोबर भिजवायची, गोळे करायची आणि भोकं पाडलेल्या पोत्यात भरून पाण्यात सोडायची. त्यावर मासे असे अंग धरत की बाजारात लोक काकीच्या टोपलीची वाट बघत.

त्या गावात एक रीत होती. खाणं माणसाचं असो की जनावराचं, विकणाऱ्यानं त्यातला तुकडा आधी आपल्या तोंडात टाकायचा, मगच माल द्यायचा.

एका पावसाळ्यात घाण्याचं छप्पर गळलं आणि पेंडीला हिरवी बुरशी धरली. घाणेवाल्यानं ती गाईपुढे टाकली. गाईनं हुंगली आणि तोंड फिरवलं.

बायको म्हणाली, "पुरून टाका ती."

"पुरायची कशाला? तळ्यात खपेल. मासा काय हुंगून बघतो?"

बघा म्हणजे झालं! मुका जीव तक्रार करत नाही, तर त्याला काहीही घालायचं?

त्यानं ती पेंड कुटून पोत्यात भरली आणि वर चांगली पसरली. काकी आली तेव्हा कमरेला खोचलेला चांगला तुकडा काढून तिच्यासमोर मिटक्या मारत खाल्ला. काकी बिचारी रीत पाळली म्हणून निर्धास्त पोतं घेऊन गेली.

थोड्याच दिवसांत मासे खाईनासे झाले. मग एकेक करून पोट वर करून काठाला लागू लागले. बोटाएवढे असताना आणून वाढवलेले मासे ते. काकीनं पोत्यात खोल हात घातला, मूठ नाकाशी नेली आणि पोतं उचलून तडक घाण्यावर आली. मागोमाग गावही आलं.

"दादा, यातला घास घ्या."

"त्या दिवशी तुझ्यासमोरच खाल्ला की."

"तो तुम्ही निवडलेला. आज मी देते."

घाणेवाला मागे सरकला. "अगं, ही माशांची पेंड. माणसानं कशाला खायची?"

तेवढ्यात त्याची बायकोच दारातून म्हणाली, "आणि ते मासे कोण खातं हो? परवा दोन वाट्या कालवण कुणी ओरपलं?"

लोक हसले. आणि लगेच प्रत्येकाला आपल्या घरची कढई आठवली.

पंचांनी निवाडा केला. मेलेले मासे आणि बुरसटलेली पेंड घाणेवाल्यानं स्वतः खड्डा खणून पुरायची, माशांची नवी पिल्लं आणून द्यायची, आणि तळं पुन्हा भरेपर्यंत गावातल्या कुणी त्याच्या घाण्यावर शेंगदाणे न्यायचे नाहीत. उरलेल्या माशांना घाणेवाल्याची बायको घरच्या शेंगदाण्यांची ताजी पेंड स्वतः नेऊन देऊ लागली, त्यामुळे तेवढे तरी वाचले.

रीतही बदलली. आता तुकडा घेणारा मोडतो, पोत्याच्या तळातून, आणि विकणारा तोंड उघडून उभा राहतो.

तात्पर्य: जे आपल्या गाईनंही नाकारलं, ते दुसऱ्याच्या माशापुढे टाकू नये. तळ्यात टाकलेलं फिरून कुणाच्या तरी ताटातच येतं, आणि ते ताट आपलंही असू शकतं.