शेळीनं चाटलं मुंगीचं दार

एक होती मुंगी. एवढीश्शी! नाव तिचं तीळूबाई.

बांधावर घरं होती ओळीनं. एकाला चिकटून एक. दारं रंगीत, आणि नियम एकच:
"शेजाऱ्याचा रंग आपल्याला नको,
भलत्याच घरात शिरायला नको!"

एकदा आली शेळी. लप लप लप! मुंगीच्या दाराचा रंगच चाटून गेली.

अगं बाई गं! आता पिल्लं घरी येतील. बिनरंगाचं घर त्यांना सापडणार कसं? मुंगी रडकुंडीला आली.

मडक्यात उरला होता फक्त लाल. आणि शेजारी बेडकाचं दार लाल! झाली का पंचाईत?

तुरुतुरु तुरुतुरु. मुंगी गेली बेडकाकडे.
"बेडूकदादा, बेडूकदादा, लाल सोड ना!
लाल दार माझं होईल, पिल्लांना घर सापडेल!"
"डरांव! माझ्याकडे उरलाय पिवळा. शेजारी गोगलगाय पिवळी. आधी ती बदलू दे!"

तुरुतुरु तुरुतुरु. मुंगी गेली गोगलगायीकडे.
"गोगलताई, गोगलताई, पिवळा सोड ना!
पिवळा सुटला की बेडूक लाल सोडेल,
लाल दार माझं होईल, पिल्लांना घर सापडेल!"
"हळू गं, हळू! माझ्याकडे उरलाय निळा. शेजारी उंदीर निळा. आधी तो बदलू दे!"

तुरुतुरु तुरुतुरु. मुंगी गेली उंदराकडे.
"उंदीरमामा, उंदीरमामा, निळा सोडा ना!
निळा सुटला की गोगलगाय पिवळा सोडेल,
पिवळा सुटला की बेडूक लाल सोडेल,
लाल दार माझं होईल, पिल्लांना घर सापडेल!"
"चूं चूं! माझ्याकडे उरलाय हिरवा. शेजारी सरडा हिरवा. आधी तो बदलू दे!"

पाय दुखले. पण मुंगी थांबते कसली! तुरुतुरु तुरुतुरु. गेली सरड्याकडे. सरड्याला दारच नव्हतं. तो स्वतःच दाराच्या जागी बसायचा. तोच दार!
"सरडेकाका, सरडेकाका, हिरवा सोडा ना!
हिरवा सुटला की उंदीर निळा सोडेल,
निळा सुटला की गोगलगाय पिवळा सोडेल,
पिवळा सुटला की बेडूक लाल सोडेल,
लाल दार माझं होईल, पिल्लांना घर सापडेल!"

सरडा फिस्सकन हसला. "रंग बदलू? अगं, त्यावरूनच तर सगळे मला नावं ठेवतात!"

बोटानं दाखव बरं, सरड्याच्या पलीकडे कोण? कोण्णी नाही!

झर्रकन! सरडा झाला तपकिरी.
सर्र! उंदीर हिरवा.
सर्र! गोगलगाय निळी.
सर्र! बेडूक पिवळा.
आणि मुंगीचं दार? लालेलाल!

"लाल दार आपलं रेऽऽ!" मुंगी ओरडली. आख्ख्या बांधावर लाल दार एकच! तुरुतुरु, तुरुतुरु, पिल्लं थेट आत. एकही चुकलं नाही.

आता सरड्याला कुणी म्हणालं, "रंग बदलतोस!", की तो छाती फुगवतो.
"हो, बदलतो! विचारा मुंगीच्या पिल्लांना!"

पिल्लं शिरली घरात,
गोष्ट थांबली दारात!