कापशा आणि शिसवीचा खेळ

त्या तळ्यावर उन्हाची वाटणी झालेली होती. मधल्या सपाट खडकावर दिवसभर ऊन असे, तिथे बगळे बसत. पाणकावळ्यांच्या वाट्याला पलीकडची सावलीतली वठलेली झाडं. तसा कायदा कुणी केलेला नव्हता. पण पाणकावळ्यांची पिसं बुडी मारली की चिंब भिजतात, पंख पसरून वाळवल्याशिवाय त्यांना धड उडता येत नाही. सावलीत त्यांचा अर्धा दिवस त्यातच जाई. बगळ्यांच्या हे कधी मनातही आलं नाही.

अशात शिसवी नावाच्या कोवळ्या पाणकावळीचा जीव कापशा नावाच्या बगळ्यावर जडला, आणि त्याचाही तिच्यावर. दोघं लव्हाळ्यात लपून भेटत. शिसवीचं मागणं ते केवढं? एकदा, चारचौघांदेखत, त्या खडकावर त्याच्या शेजारी बसायचं.

बगळ्यांची नाटकं बसवणारा सूत्रधार होता लांबमाने. त्याच्या कानावर हे गेलं तेव्हा तो चिडला नाही, उलट गहिवरला. म्हणाला, "या प्रेमाचा खेळ करू. बघतील तर बदलतील." शिसवीला आनंदानं काही सुचेना. कापशा खेळात कापशाच होणार होता. तिचं काम मात्र एका बगळीला मिळालं, अंगाला काजळी फासून.

"बुवा, मी आहे ना," शिसवी म्हणाली.

"आहेस गं बाई. पण लांबून तुझे भाव कुणाला दिसणार? हिचा चेहरा बघ, कसा बोलतो."

"मग ती पंख मिटून का बसते? आमच्यात असं कुणी बसत नाही."

"पसरलेले पंख भीक मागितल्यासारखे दिसतात. लोकांना बघवणार नाही. तू एक कर, तिला बुडी मारायला शिकव."

शिसवीला फार लागलं ते. तरी तिनं शिकवलं, मन मारून शिकवलं. खेळ गाजला तर खडक मिळेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आणि खेळ गाजला. चांगले थोराड बगळे ढसाढसा रडले, आपण किती वाईट वागलो म्हणून एकमेकांच्या गळ्यात पडले. तिथल्या तिथे ठरलं, खडक सगळ्यांना मोकळा. लव्हाळ्यात बसलेल्या शिसवीनं हे ऐकलं, बुडी मारली आणि थेट खडकाशीच वर आली.

खडक भरून गेला होता. बगळे जोड्याजोड्यांनी बसले होते, प्रत्येक जोडीतल्या एकानं हौसेनं काजळी फासलेली. मधोमध कापशा, त्याच्या शेजारी ती खेळातली बगळी. शिसवी कशीबशी कडेवर चढली. ती निथळत होती, गारठली होती. तिनं पंख पसरले.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग एक म्हातारी बगळी हळूच म्हणाली, "बिचारी. हिला अजून नीट बसायला जमत नाही."

कापशा उठून शिसवीजवळ आला. चोचीनं, अगदी मायेनं, त्यानं तिचा एक पंख धरला आणि मिटून दिला. मग दुसरा.