छान म्हणून गेलेली माणसे

एकदा एका वृद्ध केशकर्तनकाराकडे त्याचा जुना शिष्य भर दुपारी आला आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसून राहिला.

वृद्धाचे नाव दिगंबर काशीद. तालुक्याच्या त्या गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. वयाची सत्तरी उलटली होती. दुकानात एकच लाकडी खुर्ची होती आणि सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत, एवढाच वेळ ते काम करीत. शिष्याचे नाव वैजनाथ. विसाव्या वर्षी तो अण्णांकडे आला, सात वर्षे त्या खुर्चीशेजारी उभे राहून शिकला आणि मग त्यांचा आशीर्वाद घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला, कॉलेजच्या रस्त्यावर त्याने स्वतःचे सलून थाटले. त्यालाही आता दहा वर्षे झाली होती.

वैजनाथाच्या हाताविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. पुण्याला जाऊन तो नवे प्रकार शिकून आला होता. कोणत्या चेहऱ्याला काय शोभेल हे त्याला माणूस दारातून आत येतानाच दिसे. कात्री अशी चाले की बघत राहावे. तरीही त्याच्या ध्यानात एक गोष्ट हळूहळू येऊ लागली होती. त्याच्या खुर्चीवर बहुतेक नवीच माणसे बसत. एकदा येत, फार तर तीनदा येत आणि मग दिसेनाशी होत. त्याच्या हाताखालचे दोन कारागीर कौशल्याने त्याच्या जवळपासही नव्हते, पण त्यांची माणसे वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच येत. त्या दिवशी सकाळी तर कहर झाला. नेहमीचे एक गृहस्थ आले. कारागीर कामात होता, वैजनाथ मोकळा उभा होता. त्याने हसून खुर्ची पुढे केली, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, असू दे, मी थांबतो. आणि वर्तमानपत्र उघडून ते पाऊण तास थांबले. पाऊण तास वैजनाथ स्वतःच्याच दुकानात रिकाम्या खुर्चीशेजारी उभा होता.

हे सारे त्याने अण्णांना सांगितले. अण्णांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग त्यांनी दोन-चार गोष्टी विचारल्या. कुणाशी भांडण झाले होते का? नाही. कुणाला उद्धटपणे बोललास? नाही. कुणाला वस्तरा लागला, कुणाचे केस बिघडले? तसेही कधी झाले नव्हते.

“मग जाताना ती माणसं काय म्हणायची?” अण्णांनी विचारले.

“छान झालं म्हणायची. आजवर एकानंही तक्रार केली नाही, अण्णा.”

अण्णा उठले. मग त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि खुर्चीकडे बोट दाखवले. “ये, बस.”

वैजनाथाला वाटले, केस वाढलेले पाहून गुरूंनी मायेने बोलावले. अनेक वर्षांनी तो त्या खुर्चीत बसला. अण्णांनी अंगावर कापड टाकले, शांतपणे केस कापले, कल्ले सारखे केले. काय हवे, किती ठेवायचे, असे एका शब्दाने विचारले नाही. मग त्याची मान मागे टेकवून त्यांनी ओठावर साबणाचा फेस लावला. वैजनाथ चमकला. भरघोस, काळीभोर मिशी त्याने कॉलेजच्या दिवसांपासून राखली होती. गावात त्याची ओळख त्या मिशीने होती. त्याची पाच वर्षांची मुलगी ती ओढल्याशिवाय झोपत नसे. ‘नको’ हा शब्द त्याच्या ओठावर आला होता, पण ओठावर वस्तराही आला होता. आणि समोर गुरू होते. वस्तऱ्याच्या चार फेऱ्यांत अण्णांनी मिशी उतरवली, तुरटी फिरवली आणि आरसा त्याच्यासमोर धरला.

“कसं झालं?”

आरशात एक अनोळखी, उघडा पडलेला चेहरा होता. या चेहऱ्याने आता घरी कसे जायचे, दुकानात कसे उभे राहायचे, हाच विचार वैजनाथाच्या मनात आला. पण त्याच्या तोंडून शब्द गेले ते असे :

“छान झालं, अण्णा.”

अण्णांनी आरसा खाली ठेवला आणि ते बाकावर त्याच्यासमोर बसले.

“खरं बोललास?”

वैजनाथाने नकारार्थी मान हलवली.

“का नाही बोललास? मी काही तुला मारणार नव्हतो.”

“बोलून काय उपयोग होता, अण्णा? गेलेली परत थोडीच चिकटणार होती? आणि तुमचं मन कशाला दुखवायचं? आता लवकर इथून उठावं, एवढंच वाटलं.”

“तुझ्या खुर्चीतून उठणाऱ्यालाही तेवढंच वाटतं,” अण्णा म्हणाले. “वैजनाथ, आपल्यापुढं माणूस मान खाली घालून बसतो. गळ्याशी वस्तरा धरू देतो. सख्ख्या भावालाही कुणी असं करू देत नाही. बदल्यात तो एवढंच मागतो, की मी सांगतोय ते नीट ऐक. तू ऐकलं नाहीस तर तो भांडत बसत नाही. छान म्हणतो, उठतो आणि पुन्हा येत नाही. तुझ्या हाताला माझ्यापेक्षा जास्त येतं, हे मी सात वर्षं पाहिलं. गिऱ्हाईक बोलत असताना तुझी कात्री आधीच सुरू झालेली असायची, हेही पाहिलं. तेव्हाच तुला थांबवायला हवं होतं. पोरगा हुशार आहे, शिकेल आपणहून, असं म्हणून मी गप्प बसलो. तो दोष माझा. आज तुझी मिशी काढली त्याबद्दल मी तुझी क्षमा मागतो. ती दोन महिन्यांत उगवेल.”

एवढे बोलून ते थांबले. काय पुन्हा उगवत नाही, ते त्यांनी सांगितले नाही. वैजनाथाच्या मनात मात्र त्याच क्षणी एक माणूस उभा राहिला.

वसंत दामले हे गावातल्या हायस्कुलात एकतीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेले शिक्षक. वैजनाथ त्यांचा विद्यार्थी. सलून उघडले त्या दिवशी पहिल्या खुर्चीवर तेच बसले होते आणि त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी न चुकता येत असत. त्यांच्या डाव्या कानाची वरची कड नव्हती. लहानपणी उसाच्या चरकात अडकून तुटली होती. त्यामुळे ते डाव्या बाजूचे केस नेहमी थोडे लांब ठेवत आणि कानावरून वळवत. दर वेळी खुर्चीत बसल्यावर ते हळूच म्हणत, “डावीकडे जरा राहू दे हं.” वैजनाथाला त्यातला अर्थ ठाऊक होता. पण ती लांब बट त्याच्या कारागिराच्या नजरेला खुपत असे. दीड वर्षापूर्वी एका रविवारी दुकान भरलेले असताना त्याने ठरवले, आज सरांना नीट दाखवूच, आपण किती देखणे दिसू शकतो ते. सर “डावीकडे जरा” एवढे म्हणाले आणि तोवर मशीन फिरले होते. वर तो मोठ्याने, प्रेमानेच म्हणाला, “सर, या वयात आता काय लपवायचं?” बाकावरची माणसे मान वर करून पाहू लागली होती. सरांनी आरशात पाहिले. त्यांचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यावरून खाली आला. “छान झालं,” ते म्हणाले. त्यानंतर ते आले नाहीत. तब्येत बरी नसेल, मुलाकडे गेले असतील, अशी समजूत वैजनाथाने करून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरांच्या घरी गेला. दार सरांच्या पत्नीने उघडले. मिशी नसल्याने त्यांनी त्याला प्रथम ओळखले नाही. ओळख पटल्यावर त्या दारातच उभ्या राहिल्या.

“काकू, सर आहेत का? मला त्यांची माफी मागायची आहे.”

त्यांनी आत वळून पाहिले आणि आवाज उतरवून म्हणाल्या, “तुला सत्काराचं आठवतं का रे?”

त्याला आठवत होते. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेत त्यांचा सत्कार ठेवला होता. मुंबई-नागपूरकडून माणसे आली होती, सभागृहात सरांच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले होते. वैजनाथानेही हार आणला होता. ऐनवेळी निरोप आला की सरांना ताप भरला आहे. हार व्यासपीठावरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून सगळे घरी परतले होते.

“त्या दिवशी त्यांना ताप नव्हता,” काकू म्हणाल्या. “तुझ्याकडून येऊन दोनच दिवस झाले होते. सकाळपासून तीनदा सदरा घातला आणि तीनदा काढला. शेवटी म्हणाले, फोटो काढतील, सगळ्यांचं लक्ष तिथेच जाईल. मी खूप समजावलं. नाहीच गेले. तुला दोष देत नाही मी. ते स्वतःही कधी तुझ्याबद्दल वाकडं बोलले नाहीत. पण पुन्हा काही तो दिवस आला नाही.”

वैजनाथाला वाटले, इथूनच मागे फिरावे. पण आतून सरांचा आवाज आला आणि काकूंनी त्याला आत घेतले.

सर खिडकीपाशी बसले होते. डावीकडचे केस पुन्हा कानावर आले होते, पण ते कुणा शिकलेल्या हाताने कापलेले नव्हते. मानेवर एका बाजूला टोके खाली उतरली होती, दुसऱ्या बाजूला वर चढली होती. ते आरशात पाहून स्वतःच केस कापत असणार, हे वैजनाथाला एका नजरेत कळले. सरांनी त्याला बसायला सांगितले, घरची चौकशी केली, मुलगी कितवीत आहे ते विचारले. मग चित्रकाराच्या नजरेने त्यांनी त्याचा चेहरा न्याहाळला.

“मिशी काढलीस? तुझ्या मनानं काढलीस?”

“नाही, सर.”

“मग?”

तेव्हा वैजनाथाने सारे सांगितले. अण्णांनी काय केले, आपण काय म्हणालो, मग कोण आठवले. स्वतःला सावरून घेण्यासाठी त्याने एक शब्दही वापरला नाही. शेवटी सत्काराचेही बोलून तो म्हणाला, “सर, तुम्ही प्रत्येक वेळी सांगत होतात. मला ऐकू येत होतं. तरी मी ऐकलं नाही.”

सर शांतपणे म्हणाले, “तुझा हेतू चांगला होता, ते मला माहीत आहे. म्हणून तर रागावता आलं नाही. रागावता आलं असतं तर कदाचित मी पुढच्या महिन्यात परत आलो असतो.”

चहा आला. दोघांनी प्यायला. उठताना वैजनाथाची नजर पुन्हा सरांच्या मानेवर गेली. दहा मिनिटांचे काम होते. त्याचे हात आपोआप पुढे झाले आणि त्याने ते आवरले. आयुष्यात प्रथमच कामाआधी त्याने विचारले, “सर, मागची बाजू थोडी वर-खाली झाली आहे. तुमची हरकत नसेल तर मी इथेच सारखी करून देऊ का? डावीकडे हात लावणार नाही.”

सरांनी उत्तर द्यायला वेळ घेतला आणि वैजनाथ तेवढा वेळ थांबला.

“नको,” सर म्हणाले. “आता घरीच कापायची सवय झाली आहे मला.”

वैजनाथाच्या मनात बोलण्यासारखे पुष्कळ होते. एकदा संधी द्या, चूक सुधारू द्या, मला तेवढेच समाधान. पण हे समाधान आपल्याला हवे आहे, सरांना नाही, हे त्याला त्या क्षणी उमगले. त्याने वाकून नमस्कार केला, पायात चपला सरकवल्या आणि सरांचा ‘नको’ जसा दिला तसा घेऊन तो जिना उतरला.

पुढे त्याच्या सलूनमध्ये एक बदल झाला. माणूस खुर्चीत बसला की वैजनाथ हात पाठीमागे बांधून समोर उभा राहतो, काय हवे ते विचारतो आणि बोलणे पूर्ण होईपर्यंत कात्री उचलत नाही. काम झाल्यावर कुणी ‘छान’ म्हणाले, तर आणखी एकदा विचारतो, कुठे खटकते आहे का? पुष्कळदा तेव्हा कुठे खरे उत्तर येते. आता त्याच्याकडे माणसे टिकतात. अण्णांना हे कळले तेव्हा त्यांना समाधान वाटले. पण दामले सरांचा विषय निघाला की दोघेही गप्प होतात. कारण तिथे शिकवायलाही उशीर झाला होता आणि शिकायलाही.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती कुणासाठी तरी कात्री असते. समोरचा ‘जरा राहू दे’ असे हळूच म्हणतो, तेव्हाच ते ऐकावे. तो ते दोनदा सांगेलच, असे नाही.