शेंड्यावरची जागा

त्या मुलखात फळं डोंगराच्या एका बाजूला होती आणि भूक दुसऱ्या बाजूला. पलीकडे उंबरांची राई बारा महिने लगडलेली असे; अलीकडे काटेरी हिवर, बोरी आणि वाळलेलं गवत. अलीकडचे पक्षी चाऱ्यासाठी लांब लांब जात आणि त्यातले काही परत येत नसत. मग त्यांच्या घरट्यांतून पिल्लांचा आवाज थोडे दिवस येत राही आणि पुढे येईनासा होई.

हा आवाज ज्यांना सहन होत नसे असे पक्षी फार नव्हते. सातभाई होते. मातकट, विस्कटलेल्या पिसांचे, दिवसभर एकमेकांशी कचाकचा भांडणारे. भांडता भांडताच त्यांनी एका जुन्या हिवरावर दुसऱ्यांची पोरकी पिल्लं गोळा केली. मुनियांची होती, बुलबुलांची होती, होल्यांची होती. शिंपी पक्ष्याचं एक पिल्लू तर इतकं चिमुकलं होतं की सगळे त्याला नखुल्या म्हणत. कोण कुणाचं हे विचारायची त्यांच्यात पद्धत नव्हती. उघडी चोच दिसली की तीत काहीतरी घालायचं, एवढंच त्यांना कळे. थव्याची कर्तीधर्ती होती सोनकी. तिच्या जिभेला धार होती, आणि तिच्या पंखाखाली कायम कुणीतरी झोपलेलं असे.

सातभाईंची एक जुनी रीत होती. सगळे खाली पाचोळा उलथत असले की एक जण झाडाच्या शेंड्यावर बसे. तो चारा टिपत नसे, पिल्लांना भरवत नसे. तो नुसता बघे. पिल्लं उचलणारा शिक्रा दिसला की तो एक कर्कश हाक देई, आणि पिल्लं काट्यांच्या आत अंग चोरून चपटी होऊन बसत. म्हणून खाली सापडलेला पहिला किडा वर जाई. पहिला घास वरच्याचा, हे त्यांच्यात कुणाला शिकवावं लागत नसे. हल्ली शेंड्यावर कुर्डू बसे. त्याचे पंख झिजले होते, पण डोळे शाबूत होते.

एका वर्षी पाचोळ्यातले किडेही संपत आले. सगळ्यांच्या नाकी नऊ आले. तेव्हा कुणीतरी सांगितलं की राईचा मालक धनेश चांगलं काम करणाऱ्या थव्यांना मोसमापुरती एक फांदी देतो, फळांसकट. सोनकी डोंगर ओलांडून गेली.

धनेश मोठ्या चोचीचा, भारदस्त पक्षी होता. मोठ्यांबद्दल मागे काहीबाही बोलायची सगळ्यांनाच सवय असते, पण हा खरोखर मनाने मऊ होता. त्याची बायको ढोलीत अंड्यांवर बसलेली असे. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेतलेलं, चोचीपुरती फट तेवढी ठेवलेली. त्या फटीतून तो तिला दिवसभर उंबरं भरवी. भरवणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असं त्याला वाटे, आणि ते खोटं नव्हतं. त्याच्या घराला भिंत होती, एवढंच.

फांदी मागायची ती राईतल्या मोकळ्या जागेत गाऊन मागायची असे. तिथे बरेच थवे ताटकळत बसले होते. एक पोपट त्यांच्यातून फिरून कसं गावं ते सांगत होता.

"पिल्लं भुकेली आहेत असं म्हणा, बाई," तो सोनकीला म्हणाला. "पण मरायला टेकलीत असं नका म्हणू. फळ वाया जाईल असं वाटतं त्यांना."

"पण दोन टेकलीत की हो."

"ती गाण्यात नका घेऊ."

सातभाईंना गळा नसतो. सोनकी गायली तेव्हा काही थवे हसले. पण दोन पिल्लं गाण्याबाहेर ठेवताना तिचा आवाज फाटला, आणि तो ऐकून धनेशाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "आमचे बगळोबा येऊन काम पाहतील."

बगळोबा आले. स्वच्छ, पांढरे, सावकाश पाऊल टाकणारे. त्यांनी सगळी पिल्लं पाहिली. नखुल्याला पाहून त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना बरं वाटलं असावं. मग त्यांची नजर वर गेली.

"ते वर कोण बसले आहेत?"

"कुर्डूकाका," सोनकी म्हणाली.

"ते काय करतात?"

"बघतात."

"काय बघतात?"

"काही येतंय का ते."

"या मोसमात काय आलं?"

सोनकीने आठवून पाहिलं. "काही न्हाई आलं. आलं तरी खाली उतरलं न्हाई."

"म्हणजे काही झालं नाही."

"न्हाई."

"आणि पहिला घास यांना जातो?"

जे झालं नाही ते दाखवायचं कसं, हे एरवी चार जणांना भारी पडणाऱ्या सोनकीला सुचेना. बगळोबा तिच्यावर रागावले नाहीत. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की राईतलं प्रत्येक फळ पिल्लाच्या चोचीतच गेलं पाहिजे. वाहणाऱ्याने खायचं नाही, बसणाऱ्याने तर नाहीच. आणि धनेशाचं एक पीस झाडाच्या सगळ्यात उंच जागी लावायचं. ते लांबून दिसलं, की इतरांनाही असं काम करावंसं वाटेल.

सगळ्यात उंच जागा कुठली, ते सगळ्यांनाच माहीत होतं. तेवढ्यात कुर्डू स्वतःच खाली आला.

"मी वाहीन की उंबरं," तो म्हणाला. "अजून पंख हलत्यात माझे."

"एकच मोसम, काका," सोनकी म्हणाली. "पोरं जरा अंग धरतील, मग तुम्ही परत वर."

"बरं बरं. पीस नीट बांधा, वारा असतो वर."

आपण ‘एकच मोसम’ म्हणायला नको होतं, असं सोनकीला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं. पण त्या वेळी समोर उघड्या चोची होत्या, आणि त्यांच्यापुढे तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

मोसम चांगला सुरू झाला. सातभाई सकाळी डोंगर चढत, उंबर चोचीत धरून उतरत, आणि ते पिल्लाच्या घशात गेल्यावर पुन्हा चढत. स्वतःसाठी पाचोळा उलथायला त्यांना वेळ उरत नसे. ते वाळू लागले, पण पिल्लं गुबगुबीत झाली. मरायला टेकलेली दोघंही उठून बसली. नखुल्याला तर इतका हावरेपणा आला की कुणाचीही सावली अंगावर पडली, की तो डोळे मिटून चोच वर करी. सावली आली म्हणजे उंबर आलं. हळूहळू सगळ्याच पिल्लांना ती सवय लागली. त्याचं सगळ्यांना फार कौतुक वाटे. बगळोबा पाहुणे घेऊन येत आणि पंखांची सावली पाडून ते दाखवत, आणि पाहुणे पोट धरून हसत.

कुर्डू सगळ्यात हळू वाही. वाटेत तो उगाच थांबून मागे वळून बघे. दुसरे त्याच्यावर ओरडत, "अहो काका, चला की!" तो ओशाळून पुढे निघे.

एका दुपारी तो उंबर घेऊन डोंगराच्या माथ्यावर आला आणि सवयीने त्याने आधी आभाळाकडे पाहिलं. शिक्रा हिवराच्या वर घिरटी घालत होता. चोचीतलं फळ टाकून कुर्डूने हाक दिली. ती त्याची नेहमीचीच हाक होती, पण ती शेंड्यावरून द्यायची हाक होती. माथ्यावरून ती हिवरापर्यंत पोचली नाही. पिल्लांनी फक्त सावली पाहिली, आणि त्यांनी चोची वर केल्या.

सातभाई पोचले तेव्हा नखुल्याची जागा रिकामी होती. मरायला टेकून उठलेली ती दोघंही नव्हती. उरलेली पिल्लं रडत नव्हती. ती सातभाईंच्या सावल्या पाहून चोची उघडत होती. सोनकी त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाशी भांडली नाही.

बातमी राईत गेली. धनेशाने दोन दिवस उंबराला चोच लावली नाही. मग त्याने सोनकीला बोलावून घेतलं. पोपट लगबगीने पुढे आला, पण या वेळी ती गाणं म्हणायला थांबलीच नाही.

"मला फांदी नको," ती म्हणाली. "एक जण वर बसवायचाय. त्याचा घास तेवढा द्या."

धनेशाने बगळोबांकडे पाहिलं. बगळोबा हळुवारपणे म्हणाले, "बाई, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण इतकी पिल्लं गेल्यावर तर उरलेल्यांच्या तोंडात एकेक फळ पडायला हवं. आणि ते वर बसून नेमकं काय करतील, हे तुम्ही त्या वेळीही सांगू शकला नव्हता."

"माझ्या घरी तर कुणी असं बसत नाही," धनेश म्हणाला. तो आपल्या लिंपलेल्या ढोलीकडे पाहत होता, आणि त्याच्या आवाजात खरी तळमळ होती. "तुम्हाला एकाच्या जागी दोन फांद्या देतो. याहून काय करू, सांगा."

सोनकी दोन फांद्या घेऊन परत आली. ती एकटी असती तर नाही म्हणाली असती.

कुर्डू तोवर वर जाऊन बसला होता. शेंड्यावर पीस होतं, म्हणून तो पिसाच्या देठाशी अंग चोरून बसला. त्याला घास नव्हता. सोनकी अधूनमधून पाचोळ्यातून एखादा किडा शोधून वर नेई, पण आता वाहायला दोन फांद्या होत्या, आणि तिचे दिवसही अपुरे पडत.

"काका, खाल्लंत का?" ती खालून विचारी.

"पोट भरलंय माझं. तू जा, पोरं थांबलीत."

त्याने त्या काळात दोनदा हाक दिली आणि दोन्ही वेळा काही झालं नाही. पिल्लं पुन्हा काट्यांत शिरायला शिकू लागली होती. मग एका सकाळी सोनकीने खालून विचारलं आणि वरून उत्तर आलं नाही. तो झाडाखालच्या गवतात पडलेला होता. इतका हलका झाला होता, की तो पडल्याचा आवाज कुणालाच आला नव्हता. सातभाईंनी त्याच्यावर पाचोळा घातला. त्या दिवशी सापडलेला पहिला किडा सोनकीने त्या पाचोळ्यावर ठेवला, आणि ती डोंगराकडे निघाली, कारण पिल्लं उठली होती.

दुपारी बगळोबा आले. दुसऱ्या फांदीचं दुसरं पीस त्यांनी सोबत आणलं होतं, पहिल्याहून मोठं, काळंपांढरं, लखलखीत. शेंड्यावर आता ऐसपैस जागा होती. त्यांनी ते स्वतः चढून पक्कं बांधलं, थोडं मागे सरून पाहिलं, आणि ते समाधानाने उडून गेले.

सातभाई सगळे डोंगरापलीकडे होते. हिवरावर ऊन होतं. वाऱ्यावर दोन्ही पिसं डुलत होती आणि फार लांबून दिसत होती. मग गवतावरून एक सावली सरकत आली, बुंध्यावरून वर चढली, घरट्यावर येऊन थांबली. आणि सगळ्या पिल्लांनी डोळे मिटून चोची उघडल्या.