शेंडेफळाने पुढे चालावे की मागे

विषय: डोंगरावर सहकुटुंब जाताना घरातल्या सर्वांत लहान मुलाने पुढे चालावे की मागे, याबाबत.
संदर्भ: फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात घडलेली हकीकत.

त्या गावात एक कारकून राहत असे. राजाच्या कचेरीत तो आवक-जावक लिही. आत आलेला कागद बाहेर जाईपर्यंत माणसाचे केस पांढरे होतात, हे त्याने रोज पाहिले होते. त्यामुळे निदान आपल्या घरात तरी सगळे वेळेवर व्हावे, असा त्याचा कटाक्ष असे.

गावाच्या डोक्यावर डोंगर होता आणि डोंगराच्या डोक्यावर देवीचे देऊळ. मार्गशीर्षात सुगी आटोपली की एक दिवस ठरवून गावातली सगळी घरे डोंगर चढत. जे घर आपल्या सगळ्या माणसांनिशी आधी वर पोचेल, त्याला मानाचा नारळ मिळे आणि देवळातली मोठी घंटा पहिल्यांदा वाजवायचा हक्कही. चढण्याचा नियम ठरलेला होता. घरचा कर्ता पुढे, त्याच्यामागे बाकीचे वयाप्रमाणे, आणि शेंडेफळ सगळ्यांत मागे. डोंगरात वाघ होता तेव्हा कोणीतरी हा नियम केला. पुढे वाघ गेला, नियम राहिला.

कारकुनाचे घर तीन वर्षे लागोपाठ दुसरे आले होते. पहिले यायचे शेजारच्या वैद्याचे घर. वैद्याकडे सगळी माणसे लांब टांगांची. दर वर्षी वैद्य स्वतः प्रसाद घेऊन येई आणि म्हणे, "घ्या कारकूनराव, खोबरं पित्ताला चांगलं." ते खोबरे कारकुनाच्या घशाखाली उतरत नसे.

यंदा नारळ आपलाच, असे त्याने ठरवले. अडचण एकच होती. धाकटी कुंदी पाच वर्षांची झाली होती आणि पहिल्यांदाच कडेवर न बसता आपल्या पायांनी डोंगर चढणार होती.

कारकुनाने आदल्या आठवड्यातच एक तक्ता केला. सूर्य कासराभर वर येईपर्यंत जांभळीचा टप्पा, मग पाण्याच्या टाक्याचा, मग देऊळ. पाणी पिणे दोनदा. बसणे एकदा. बोलणे आवश्यक तेवढेच.

बायकोने तक्ता वाचला. "यात कुंदीचे पाय कुठं धरलेत?" तिने विचारले.

"ती मागून येईल. नियमच तसा आहे."

"अहो, वाघ मागच्यालाच नेतो, असं माझे वडील सांगायचे."

"वाघ आता नाही."

"मग नियम तरी कशाला आहे?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आपल्या पातळीवर नाही, असे कारकुनाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. बायकोने आपल्या परीने तयारी केली. कुंदीच्या नव्या वहाणा चार दिवस अंगणात वापरायला लावल्या. लांबून दिसावी म्हणून तिला लाल शाल गुंडाळली, शालीच्या टोकाला गूळ-शेंगदाणे बांधून दिले आणि बजावले, "चुकलीस तर आम्हाला शोधत हिंडायचं नाही. जवळचं झाड धरायचं, त्याला मिठी मारून बसायचं आणि मोठ्यानं बोलत राहायचं. झाड हलत नाही, तूही हलायचं नाही."

ठरल्या दिवशी पाच जणांची रांग निघाली. पुढे कारकून, मागे नैवेद्याचे गाठोडे डोक्यावर घेतलेली बायको, मग थोरला मुलगा, मग मधला, आणि शेवटी लाल शालीतली कुंदी.

पहिल्याच चढावर तिला मुंगळा दिसला. तो आपल्यापेक्षा मोठा दाणा ओढत चालला होता.

"बाबा, मुंगळ्याला त्याचं घर सापडतं कसं?"

"वर गेल्यावर विचार," कारकून पुढूनच म्हणाला. "सगळे प्रश्न एकदम विचार. वेळ वाचतो."

कुंदी गुणी पोर होती. ती प्रश्न साठवू लागली. पण डोंगरावर पावलागणिक एक प्रश्न होता. नवा आला की जुना निसटे, म्हणून ती पहिल्यापासून पुन्हा घोकत चाले, आणि घोकताना पाय मागे पडत.

जांभळीपाशी कारकुनाने हजेरी घेतली. मागे वळण्यात एक पाऊल वाया जाते, म्हणून तो पुढे बघतच नावे पुकारी. मंडळी, थोरला, मधला, कुंदी. चौघांनीही "हजर" म्हटले. कुंदीचा आवाज जरा लांबून आला, पण आला.

टाक्यापाशी तिचा आवाज आलाच नाही. मधल्याने मागे पाहिले. कुंदी बरीच खाली वाटेवर वाकून काहीतरी निरखत होती. आता सांगितले तर सगळे थांबतील, ओरडा बसेल आणि नारळ जाईल, असा विचार त्याने केला. येईल धावत, असेही त्याला वाटले. त्याने आवाज बारीक केला आणि म्हणाला, "हजर."

एकाची हजेरी दुसऱ्याने देण्याचे प्रकार कारकून कचेरीत रोज पाही, आणि अधूनमधून स्वतःही करी. पण ते आपल्या घरात होईल, असे त्याच्या मनात आले नाही. बायकोच्या डोक्यावर गाठोडे होते. अरुंद वाटेवर तिला वळून पाहता येत नव्हते. तिने तो "हजर" ऐकला आणि निश्चिंत मनाने पुढचे पाऊल टाकले.

सूर्य डोक्यावर यायच्या आत देवळाचा कळस दिसू लागला. फार तर शंभर पावले उरली होती आणि वैद्याचे घर दोन वळणे खाली होते. देवळात शिरताना रांग नीट दिसावी म्हणून कारकून सकाळपासून पहिल्यांदाच मागे वळला.

रांगेत चारच जण होते. त्यात तो स्वतः धरून.

"टाक्यापाशी मीच हजर म्हणालो होतो," मधला म्हणाला आणि रडायला लागला.

खालच्या दरीतून धुके वर येत होते. जांभळीचे झाड दिसेनासे झाले होते. आता टाकेही दिसेना.

थोरला बापाचाच मुलगा होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, शंभर पावलं तर आहेत. घंटा वाजवू आणि मग खाली जाऊ. गुरवाला सांगू, ती मागून येतेय."

वाक्य तसे खोटेही नव्हते. कारकुनाने आयुष्यभर अशीच वाक्ये लिहिली होती. त्याने एकदा कळसाकडे पाहिले. बायकोने गाठोडे खाली ठेवले होते आणि ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. "मागून येतेय" हे वाक्य त्याने मनातल्या मनात दोनदा वाचले, आणि त्याखाली सही करायची त्याला लाज वाटली.

"घंटा राहू दे," तो म्हणाला. "सगळे एकमेकांचे हात धरा."

उतरताना वैद्याचे घर समोरून आले. कारकुनाने लाल शालीबद्दल विचारले. वैद्य म्हणाला, "नाही बुवा दिसली. चढताना आम्ही फक्त पायांकडे बघतो." त्याला वाईट वाटले, हे त्याच्या तोंडावर दिसले. पण पाय थांबले नाहीत. पायांपर्यंत ते पोचायला वेळ लागत असावा.

टाक्याच्या खाली धुके इतके दाट होते की पसरलेला हात दिसेना. कारकून कुंदीच्या नावाने हाका मारू लागला. एक हाक संपायच्या आत तो दुसरी मारी.

"जरा गप्प राहा," बायको म्हणाली. "तुम्हीच बोलत राहिलात तर तिचं ऐकू कसं येणार?"

तो गप्प झाला. घरात बहुधा पहिल्यांदाच. वर घंटा वाजली आणि थांबली. मग डावीकडून, वाटेपासून बरेच आतून, बारीक आवाज आला.

"ढगात हात घातला की तो ओला का होतो? नऊ. बकरीला दाढी असते, मग मिशी का नसते? दहा. दगडावर झाड उगवतं, ते जेवतं काय? अकरा."

आवाजाच्या रोखाने, पाऊल चाचपत चाचपत ते गेले. एका हिरड्याच्या बुंध्याला मिठी मारून कुंदी बसली होती. गूळ संपला होता, शेंगदाणे शिल्लक होते. त्या झाडापलीकडे आठ-दहा पावलांवर कडा होता. हे कारकुनाने पाहिले, बायकोनेही पाहिले.

"बाबा, देऊळ आलं का?" कुंदीने विचारले. "बावीस झालेत. आणखी नाही राहणार लक्षात."

कारकून तिच्याशेजारी जमिनीवर बसला. "पहिला विचार," तो म्हणाला.

"मुंगळ्याला त्याचं घर सापडतं कसं?"

"मला माहीत नाही," कारकून म्हणाला. नोकरीत हे वाक्य त्याने कधी वापरले नव्हते.

धुके निवळेपर्यंत पाचही जण तिथेच बसून होते. मधल्याने कुंदीची क्षमा मागितली, तिने त्याला शेंगदाणे दिले. धुके निवळल्यावर सगळ्यांनी एक मुंगळा धरला, म्हणजे नजरेने धरला, आणि त्याच्या मागे मागे वारुळापर्यंत गेले. उत्तर पूर्ण मिळाले नाही, पण प्रकरण पुढे सरकले.

तोवर दिवस कलला होता. वर जाऊन परतायचे तर उतरताना अंधार झाला असता. बायकोने तसे सांगितले आणि कारकुनाने ते मान्य केले. नैवेद्य देवीच्या दिशेने दाखवून त्यांनी तिथेच खाल्ला.

उतरताना त्याने रांग उलटी लावली. पुढे कुंदी, तिचा हात धरून आई, मग मुलगे, आणि सगळ्यांत मागे तो. कुंदी थांबली की सगळे थांबत. ती जिथे थांबली नाही असे झुडूप राहिले नाही. आता ती रानातली गोष्ट आधी बघे, दुसऱ्याला दाखवी आणि मगच पुढे जाई. "ही वाट आहे की वरात?" असे थोरला एकदा म्हणाला, पण पुढच्या वळणावर सरड्याची शेपटी पहिल्यांदा त्यालाच दिसली आणि त्याची तक्रार तिथेच निकाली निघाली.

मागून चालताना कारकुनाला आणखी एक गोष्ट दिसली. थोरला डाव्या पायाने लंगडत होता. नवा जोडा सकाळीच चावला होता, पण रांगेत ते सांगायची सोय नव्हती. पुढून चालणाऱ्याला डोंगर दिसतो, माणसे दिसतात ती मागून, हे त्याने त्या दिवशी पाहिले.

घरी पोचल्यावर कुंदीने विचारले, "उद्या परत जायचं?"

संध्याकाळी वैद्य खोबरे घेऊन आला. या वेळी त्याने पित्ताचे काही काढले नाही. पोर कशी आहे एवढेच विचारले. कारकुनाने खोबरे खाल्ले. गोड होते.

दुसऱ्या दिवशी त्याने पंचांकडे अर्ज केला. डोंगर चढताना सर्वांत लहान मूल पुढे असावे, त्याच्या पायांनी सगळ्यांची चाल ठरावी, सर्वांत धडधाकट माणूस मागे असावा, आणि आधी पोचणाऱ्या घराच्या मानाचा फेरविचार व्हावा, अशी विनंती त्यात होती.

पंचांनी अर्ज वाचला आणि शेरा मारला: कडेवरचे मूल पुढे कसे चालणार, याचा खुलासा करावा. कारकुनाने खुलासा केला. अर्ज गुरवाच्या अभिप्रायासाठी वर गेला. गुरवाने लिहिले की देवीला घाई नाही, मात्र नारळाबाबत पंचांनी ठरवावे. अर्ज खाली आला. मधल्या काळात बरीच घरे गुपचूप उलट्या रांगेने चढू लागली. वैद्यही आपल्या नातवाला पुढे घालून चढतो. विचारले तर गुडघ्याचे कारण सांगतो.

सात वर्षांनी पंचांनी आणखी एक विचारणा केली: अर्जदाराच्या घरी आता लहान मूल राहिलेले नाही, तरी अर्ज पुढे चालवायचा आहे काय? कारकुनाने उलट टपाली "होय" असे कळवले.

तात्पर्य, निकाल लागेपर्यंत पाळावे असे: मुलांना घेऊन डोंगर चढताना सर्वांत लहान पायांच्या चालीने चालावे, प्रश्नांची उत्तरे वाटेतच द्यावीत, आणि हजेरी डोळ्यांनी घ्यावी.

अर्ज पंचांपुढे आहे. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.