बा

भीमेच्या काठावर बोरकुंडी म्हणून गाव आहे. गावाबाहेर पडकी धर्मशाळा, आणि तिथं आपले भानामहाराज राहायचे. कोणी आणून दिलं तर खायचे. नाही दिलं तर नदीकडं बघत बसायचे.

त्या वर्षी पलीकडच्या काठाला लुटारूंनी कानडी गावं जाळली. माणसं मिळेल त्या नावेतून अलीकडं आली. महाराजांनी धर्मशाळा त्यांना दिली, आणि स्वतः बाहेर काठावरच्या चिंचेखाली बसले.

गावातलं कोणी तिकडं फिरकेना. "रोगराई आणतील," म्हणायचे. "यांची भाषा तरी कळते का?"

गेला तो एकटा येसू सणगर.

येसू घोंगड्या विणायचा. बायको आणि पोर पटकीच्या साथीत गेली होती. तेव्हापासून घरात आवाज फक्त मागाचा. भाकरी करायची, भिंतीकडं बघत खायची, झोपायचं. महाराज त्याला एवढंच म्हणाले होते, "येसू, तुझ्या घागरीत पाणी उरतं ना? त्यांना दे."

तो रोज पाणी न्यायला लागला. मग आंबील, मग घोंगड्या. तिथं निंगव्वा नावाची एक चिमुरडी होती. आईबाप वाटेतच हरवलेले. येसू दिसला की हात पुढं करून ओरडायची, "बा! बा!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा येसूच्या हातातली घागरच सुटली. परत जाताना भेटेल त्याला सांगत सुटला, "मला बा म्हणते हो! बा!"

चावडीवर खंडेराव इनामदार बसले होते. त्यांचं आजोळ पलीकडचं, कानडी उत्तम यायचं. पोट धरून हसले.

"अरे येड्या, कानडीत 'बा' म्हणजे 'ये'! कोंबड्यांना दाणे टाकताना पण तिकडं 'बा बा'च करतात. झालास होय रे कोंबड्यांचा बाप?"

सगळी चावडी हसली. येसू पण जरासा हसला. घरी गेला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो धर्मशाळेत गेलाच नाही. संध्याकाळी महाराज स्वतः त्याच्या दारात आले.

"का रे, आला नाहीस?"

"महाराज, ती मला बाप नाही म्हणत. नुसतं 'ये' म्हणते."

महाराज उंबऱ्यावर बसले. हळूच म्हणाले, "येसू, घरची माणसं गेल्यापासून तुला 'ये' कोण म्हणालं होतं? आठव बरं."

येसूनं खूप आठवलं. माग तसाच थांबलेला. मग तो रडायला लागला. अहो, कोणीच नव्हतं!

महाराज म्हणाले, "दिवसभर हाका मारून पोरीचा घसा बसलाय. चल."

खरंच, निंगव्वाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. अंगात ताप. नुसता हात हलवून तिनं त्याला जवळ बोलावलं. बरोबरच्या बायांनी खुणा करून सांगितलं, तिला तिची अज्जी हवी होती, आणि म्हातारी पलीकडच्या काठावरच राहिली होती.

सकाळी येसू काहील घेऊन निघाला. ऊस गाळणाऱ्यांची ती मोठी गोल कढई, तीच इकडची नाव. पलीकडं अज्जी सापडली. खंडेरावही आपली जनावरं बघायला गेले होते, तेही परतायला काहिलीत बसले.

मधोमध आले आणि धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना. नदी फुगत चालली, काहील गरगर फिरायला लागली. काठ कुठल्या अंगाला, काही कळेना.

"येसू, वल्हव रे! कुठंही वल्हव!" खंडेराव ओरडले.

येसूनं डोळे मिटले. "महाराज, म्हातारीला तरी पोचवा."

आणि धुक्यातून आवाज आला. स्वच्छ. "बा! बा!"

"पोरगी!" येसू दचकला. "पण तिचा तर घसा बसलाय!"

"ऐकू मलाही येतंय," खंडेराव म्हणाले. "तिकडं! तिकडंच चल!"

हाक येत गेली, येसू वल्हवत गेला. काहील थेट चिंचेखाली लागली.

महाराजांच्या मांडीवर निंगव्वा गाढ झोपली होती. बाकीचे म्हणाले, "ती सकाळपासून उठलीच नाही. हाक? कोणीच नाही मारली."

खंडेरावांनी महाराजांकडं पाहिलं. महाराजांनी बोलायला तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. घसा पार बसला होता! आणि पोरगी जागी झाली, अंग गार, खणखणीत ओरडली, "अज्जी!"

पुढं पलीकडं शांत झालं. माणसं आपल्या गावांकडं निघाली. येसू काठावर उभा राहिला. आज परत एकटी भाकरी, एकटा माग. नाव लांब गेली तेव्हा निंगव्वा वळली, दोन्ही हात पसरून ओरडली, "बा!"

येसूनं शेजारी उभ्या खंडेरावांना विचारलं, "रावसाहेब, खरं सांगा. 'ये' म्हणाली, का बाप म्हणाली?"

खंडेराव वाकले. गुडघे चिखलात टेकले, आणि येसूच्या पायांवर डोकं ठेवलं.

"येसूबा," ते म्हणाले, "मला कुठं कानडी येतं?"