वायर न जोडलेला कीबोर्ड

“आणि आकड्यांची बटणं कुठायत?”

“काढली सर. वरची ओळ आहे की.”

“बाणांची?”

“तीपण काढली. लागतच नाहीत. हे एक दाबून धरलं की बाकीच्यांतूनच सगळं होतं.”

कोगनोळे सरांनी कीबोर्ड उचलला. एवढासा, पण हाताला चांगलाच जड लागला. एकाही बटणावर काही छापलेलं नव्हतं.

“अक्षरं?”

“तीही नको म्हटलं. तुम्हीच शिकवलंत ना, बोटांकडे बघायचं नाही.”

सरांनी कीबोर्ड परत टेबलावर ठेवला.

गडहिंग्लजला तेलाच्या दुकानावरच्या माडीत सरांचा टायपिंगचा क्लास होता. अर्ध्या तालुक्यातली पोरं तिथून परीक्षेला बसली आणि कचेऱ्यांत चिकटली. मग कॉम्प्युटर आले आणि मशीनं भंगारात गेली. माडी राहिली, बाकडी राहिली आणि सर राहिले. आता तो जिना चढून कोणी येत नाही. पेपरवालासुद्धा खालूनच फेकतो, आणि त्याचा नेम तरी कुठे धड आहे!

समोरचा हा प्रज्योत त्यांच्या शेवटच्या तुकडीतला. हल्ली पुण्यात असतो, घरात बसून नोकरी करतो आणि कीबोर्डांवर व्हिडिओ काढतो. कुठला चांगला, कुठला भिकार, हे तो सांगतो आणि हजारो लोक ऐकतात. असलं ऐकायला लोकांना वेळ कुठून मिळतो देव जाणे, पण ऐकतात बुवा!

हा कीबोर्ड मात्र त्यानं स्वतः बनवला होता, एकेक सुटा भाग मागवून. बघणाऱ्यांनी डोक्यावर घेतला. तरी हा पहाटेची एसटी धरून इथं हजर. सरांनी त्याला क्लासात कधी ‘छान’ म्हटलं नव्हतं. तसे ते कुणालाच म्हणायचे नाहीत. पण त्याला तो शब्द हवा होता, आणि खरं सांगायचं तर ज्याच्या तोंडून ऐकावासा वाटेल असं दुसरं माणूसच त्याच्याकडे उरलं नव्हतं.

“आत पितळेची पट्टी आहे सर. तिच्याखाली फोम. प्रत्येक बटणाचा स्विच उघडून ब्रशनं ग्रीस लावलंय, स्प्रिंगसकट. स्पेस बार सगळ्यांचा खुळखुळतो बघा. आता हा ऐका.”

त्यानं अंगठा मारला. ओल्या मातीत पिकला पेरू पडावा तसा आवाज आला.

“किती दिवस लागले?”

“पावसाळा गेला सर. दिवाळीपण गेली.”

“दिवाळीला घरी गेला नाहीस?”

“पार्सल येणार होतं. घ्यायला कुणी नको का?”

“तिथं कोण कोण असतं?”

“मीच.”

…

“कर टाइप,” सर म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

क्लासातही ते असंच करायचे. पाठ फिरवून नुसतं ऐकत राहायचे, आणि अख्खी तुकडी त्या पाठीला घाबरायची.

प्रज्योतनं मनगटं उचलली. बोटं सुसाट सुटली. कुठं अडखळला नाही, कुठं दमला नाही. आवाजानं माडी भरून गेली. मग तो थांबला. छाती नुसती फुगली होती.

“कसा आहे सर?”

सर वळले. त्यांनी टेबलावर बघितलं. मग वाकून टेबलाखाली बघितलं. कीबोर्डची वायर गुंडाळून तिला रबर लावलेलं होतं.

“हे कशाला जोडलेलंच नाही?”

“नाही सर. आवाज ऐकायला जोडावं लागत नाही. सगळे असंच करतात. माइक जवळ ठेवायचा आणि वाजवायचं.”

“मग लिहिलेलं कुठं गेलं?”

“… कुठंच नाही.”

“काय लिहिलंस?”

प्रज्योत हसला. “काहीही सर. बोटं जातील तिकडं.”

“तुझे ते ऐकणारे विचारत नाहीत?”

“विचारतात की. ग्रीस कुठलं, स्प्रिंग कुठली…”

“काय लिहिलंस, ते?”

“नाही सर.”

“कोणीच नाही?”

आता प्रज्योतला हसू येईना.

“कोणीच नाही.”

एवढा मोठा बाप्या, पण रडायच्या बेतात आला. पुण्यातल्या त्या फ्लॅटात दारं लावून बसल्यावरसुद्धा त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

“सर… चांगला झालाय, एवढं तरी म्हणा.”

“ऊठ.”

सर त्याच्या खुर्चीत बसले. चष्मा काढून बाजूला ठेवला. बोटं बटणांवर टेकवली.

“वायर लावू का सर? लॅपटॉप आहे बॅगेत…”

“असू दे.”

आणि ते टाइप करायला लागले. सावकाश.

हे ‘बोटं जातील तिकडं’ नव्हतं. शब्द होते, शब्दांमध्ये जागा होती. मध्येच बोटं थांबत होती, काय लिहावं हे आठवत असल्यासारखी. एका ठिकाणी तर सर फार वेळ अडले. ओठ नुसते हलले. मग तो शब्द त्यांनी एकेक बटण दाबत पुरा केला आणि पुढं गेले.

खाली दुकानात कुणीतरी डबा आपटला. सरांचं लक्ष नव्हतं. डोळ्यांतलं पाणी गालावर उतरलं तरी त्यांनी पुसलं नाही. हात मोकळे कुठं होते?

प्रज्योत बघत उभा राहिला. आपली पितळेची पट्टी, आपलं ग्रीस, आपला तो आवाज, काही म्हणजे काही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

सर थांबले. हात मांडीवर घेतले.

“छान झालाय,” ते म्हणाले.

ज्या शब्दासाठी एवढा प्रवास केला तो शब्द आला, आणि पोराच्या कानावर पडलाच नाही म्हणा ना.

“सर,” त्यानं हळूच विचारलं, “काय लिहिलंत?”

गाणं ऐकावं तसे सरांनी डोळे मिटून घेतले.

…

“विचार की परत एकदा.”